केना उपटला त्या वर्षी

दिवाळी जवळ आली की यवतमाळात येणाऱ्या रस्त्यांच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. कापसाची गाडी बाभळीला घासून जाते आणि काटे आपला वाटा काढून घेतात. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता टेम्पो आहेत, पण काट्यांची वसुली तशीच चालू आहे. काल फिरून येताना मी असाच एक पुंजका काढला आणि सवयीनं दोन बोटांत धरून ओढून पाहिला. धागा बरा होता. स्कूटरवरून जाणाऱ्या दोन मुली माझ्याकडे पाहून हसल्या. हसोत बापड्या. मला मात्र एकसष्ट सालची दिवाळी आठवली, आणि ती एकदा आठवली की दोन-तीन दिवस घरात मुक्कामालाच असते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नेरजवळच्या एका खेड्यातली, घरी पराटीचं, म्हणजे कापसाचं, आणि तुरीचं वावर, यवतमाळात मामाकडे राहून कॉलेजात जात होते. आर्ट्सचं दुसरं वर्ष. आर्ट्स मी निवडलं नव्हतं, मला त्यात बसवलं होतं. नाव घालायला मामा गेले आणि मुलगी म्हटल्यावर कारकुनानं न विचारताच तो रकाना भरून टाकला. मामांनीही वाचलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आर्ट्स काय न सायन्स काय, दोन्हीकडं पास झालं का डिग्रीच भेटते." त्यांच्या परीनं ते बरोबरच होतं. त्यात उन्हाळ्यात दिग्रसच्या एका घरी माझं लग्न ठरलं, चार लोकांसमोर कुंकूही लागलं. मुलगा शाळेत मास्तर होता. त्या मंडळींना बी.ए. झालेली सून हवी होती, म्हणून बी.ए. होईपर्यंत ते थांबणार होते. त्याहून एक दिवस जास्त नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. माझ्या पुढच्या आयुष्याची आखणी अशी पूर्ण झाली होती आणि आखणाऱ्यांत मी सोडून बाकी सगळे होते.

मी काही वाईट विद्यार्थिनी नव्हते. संस्कृतची रूपं धडाधड म्हणायची, निबंधाला गुण पडायचे. पण वर्गात बसले की वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून आलोय आणि निघायची वेळ कधी होते याची वाट पाहतोय. त्या पावसाळ्यात आमचे एक प्राध्यापक आजारी पडले आणि रोज दुपारचे दोन तास मोकळे मिळू लागले. बाकीच्या मुली त्या वेळात लोकरीचं विणकाम करायच्या. मला दोन सुया सांभाळता येत नाहीत, अजूनही येत नाहीत. मी उठले आणि जो वर्ग उघडा दिसेल त्यात मागे जाऊन बसायला लागले.

इतिहासाच्या वर्गात बसले. तिथले सर लढाईत इतके रंगायचे की कोण नवीन आलं, कोण गेलं, त्यांना पत्ता नसे. आठ दिवस मजा वाटली, मग लक्षात आलं की लढाई दरवेळी सरच जिंकतात. भूगोलात भिंतभर नकाशे होते, त्यात आमचं नेर कुठंच नव्हतं, म्हणून मी नाराज झाले. अर्थशास्त्रात एकदा कापसावर तास झाला. बोलणारे सर हुशार होते, पण त्यांनी पराटी जवळून पाहिली नसावी, कारण वेचणीचा महिना त्यांनी चुकीचा सांगितला. मी हात वर केला. "तू कोण?" असं विचारल्यावर मला त्या वर्गातून उठावं लागलं. उठताना मी महिना मात्र सांगून आले.

आता म्हणे मुलं मोबाइलवर बोट टेकवून शाखा बदलतात. चांगलंच आहे. पण अशी दारोदार फिरण्याची मजा त्यात नसावी. वर्गाच्या दाराशी उभं राहून आत काय शिजतंय याचा वास घेत मी तो महिना काढला. तो वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

विज्ञानाच्या प्रयोगशाळा आवाराच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तिथे मुली जवळजवळ नव्हत्याच. तिथले शिपाई रहीमचाचा. माणूस मूळचा वणीचा, तरुणपणी राजूरच्या खाणीत इंजिनावर होता, त्यामुळे कॉलेजातलं बिघडलेलं घड्याळ, पंप, कुलूप, सगळं त्यांच्याकडे यायचं. मी वनस्पतिशास्त्राच्या खिडकीशी तिसऱ्यांदा उभी दिसले तेव्हा ते बाहेर आले.

"बेटी, तुहा वर्ग त तिकडं हाये. इकडं काहून फिरून राह्यली?"

"पाहून राह्यली, चाचा."

"क्या देखना है?"

"सगळंच."

"देख मग. पन हात नको लावजो कशाले. लेले साब बहुत कडक आदमी है."

लेले सर म्हणजे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पुण्याकडचे, उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांचा तास संपेपर्यंत थांबायचं आणि मग सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहू द्या असं विचारायचं, हे ठरवून मी भाद्रपदातल्या एका दुपारी प्रयोगशाळेमागे जाऊन बसले. तिथे तारेचं कुंपण घातलेला एक वाफा होता. पाऊस नुकताच उघडला होता, माती मऊ. आणि वाफ्यात काय, तर नुसतं तण! केना, तरोटा, आघाडा, दुधी, गोखरू, कुंदा, कंबरेएवढं माजलेलं. मला ते पाहवेना. एवढा शिकलेला माणूस आणि वाफ्याची ही दशा! शेतकऱ्याच्या घरच्या पोरीचा हात अशा वेळी विचारून चालत नाही. मी पदर खोचला, आत शिरले आणि निंदायला बसले.

तण ओळीत होतं. तण कधी ओळीत उगवत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ओळीत पत्र्याचे छोटे तुकडेही खोचलेले होते, त्यावर आकडे. तेही मी काढले, पुसले आणि नीट एका बाजूला रचून ठेवले. तासाभरात वाफा असा साफ झाला की माझ्या मायनंही नावं ठेवली नसती. शाबासकीची वाट पाहत मी कुंपणाशी उभी राहिले.

लेले सर पंधरा-वीस मुलांना घेऊन आले. थांबले. रहीमचाचांनी कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं. आवाजात अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

सरांनी मला शांतपणे सांगितलं की जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शेतांतून दोन वर्षं हिंडून त्यांनी ही झाडं आणून लावली होती, आणि या मुलांची प्रात्यक्षिकाची परीक्षा याच वाफ्यावर होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला धरणी ठाव देईना.

"कुठला वर्ग?"

"आर्ट्स, दुसरं वर्ष."

"मग इथे काय करत होतीस?"

मी म्हटलं, "सर, आभाळ आहे, माती ओली आहे. मुळं मी तोडली नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळं परत लावते."

"आणि कोणतं कुठे होतं हे कोण सांगणार?"

ते मी सांगू शकत होते. निंदणारी बाई पातीनं, म्हणजे आपली ओळ धरून, पुढे सरकते, आणि आपल्या हाताखालून काय गेलं ते तिला ठाऊक असतं. मी ढिगातून एकेक उचलत गेले, नाव घेत गेले आणि जागच्या जागी लावत गेले. सर मुलांना घरी पाठवून खुर्ची घेऊन बसले. पहिल्या ओळीपर्यंत त्यांच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्या ओळीला त्यांनी वही काढली आणि माझ्या तोंडची वऱ्हाडी नावं उतरवून घ्यायला लागले.

केन्यापाशी मी थांबले. म्हटलं, "सर, हा नका लावू. हा भारी चिवट. कितीही उपटा, परत येतो."

"का येतो?"

"येतो म्हणजे येतोच."

सर उठले. त्यांनी तो केना बादलीत खळाळून धुतला, मुळाजवळचा एक पांढरट फुटवा चिमटीत धरला आणि माझ्या हातात भिंग दिलं. फुटव्याला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चिकटलं होतं. "हे फूल आहे," ते म्हणाले. "वर निळं दिसतं ते जगासाठी. हे मातीखाली येतं, कधी उघडत नाही, आणि तिथल्या तिथे बी धरतं. तू वरचं उपटतेस, हे खाली राहतं."

मी सातव्या वर्षापासून केना उपटत होते. पाठ दुखेपर्यंत, नखं काळी होईपर्यंत. 'हा मेला येते कुठून?' असं माय प्रत्येक पावसाळ्यात म्हणायची, मीही म्हणायची. तो इथून येत होता, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की भिंग परत द्यायचं मी विसरून गेले. आपण कशासाठी जन्मलो वगैरे मोठे प्रश्न मला त्या वयात पडत नसत. पण आता कुठल्या वर्गात बसायचं, ते मात्र त्या चिखलात उकिडवं बसल्या बसल्या ठरलं.

लोक म्हणतात, त्या वयात कळतंय काय! मला हे ऐकलं की चीड येते. त्या वयात चांगलं कळतं. नंतर जे कळत जातं ते बहुतेक भीतीच्या पोटी कळतं.

प्राचार्यांकडे मी स्वतः गेले. लेले सरांनी दोन शब्द सांगून ठेवले होते. प्राचार्य सज्जन होते, पण नियमाचे. म्हणाले, "विज्ञानाच्या पहिल्या वर्षात जावं लागेल. एक वर्ष मागे. दिवाळीनंतरच्या सत्रात बस, आधीच्या सत्राचं तुझं तू भरून काढ. वडिलांनी मात्र कॉलेज उघडेल त्या दिवशी इथे येऊन माझ्यासमोर सही केली पाहिजे. मुलीनं आणलेला कागद मी घेणार नाही. ते आले नाहीत तर विषय संपला." मी त्यांना दिग्रसचंही सांगितलं. लपवून काही मिळवायचं नव्हतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पिशवीत रसायनशास्त्राचं जाड पुस्तक होतं. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करतात. पराटीच्या मुळाशी पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य, झाडांवर दह्याचं पाणी शिंपडायचं आणि घरच्या बाईनं पहिलं बोंड वेचायचं. त्याआधी कापसाला कुणी हात लावत नाही. मायनं पहिलं बोंड वेचलं, बाया बांधावर दहीभात खायला बसल्या, बाबा निंबाखाली टेकले. मी तिथंच बोलले. घरात बोलले असते तर मायनं दार लावून रडून घेतलं असतं. वावरात तिला रडता येणार नव्हतं, हा माझा हिशेब होता. तो काही फार प्रेमळ हिशेब नव्हता.

"बाबा, मले आर्ट्स सोडाचं हाये. सायन्सले जायाचं हाये, पह्यल्या वर्गापासून."

"काहून? आर्ट्समंदी काय वंगाळ हाये?"

"वंगाळ काही नाही. माहं मन नाही तिथं."

मायचा घास हातातच राहिला. "अन लगन?"

"येक वर्स उशिरा होईन."

"थांबतीन ते लोक?"

"नसन थांबत त नको."

"कुंकू लागेल पोरगी हायेस तू," माय म्हणाली. "असं बोलाले जीभ कशी रेटते तुही?"

मी बाबांकडेच पाहत बोलत राहिले. आर्ट्सच्या वर्गात शिकलेला सगळा युक्तिवाद मी पणाला लावला. "बाबा, मी शायेत होती तवा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. मॅट्रिक झाली तवा मुंबई राज्यात. आता महाराष्ट्रात हाये. जिल्ह्यानं तीन राज्यं बदलली, म्या येक वर्ग बदलला त काय बिघडते?"

बाबांनी भाताचा हात धुतला. "जिल्ह्याचं लगन नव्हतं ठरलं, शांते."

बायांनी पदर तोंडाला लावला. मीही हसले असते, इतकं ते बिनतोड होतं. पण मी हसले नाही. म्हटलं, "मी त्या वर्गात परत बसनार नाही. तुम्ही सही केली त सायन्स, नाही केली त रोज वावरात येईन."

"धमकी देऊन राह्यली काय?"

"नाही. सांगून राह्यली."

बाबा उठले आणि बैलांकडे गेले. त्यानंतर त्या सुट्टीत त्यांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलले तसं करायला लागले. सकाळी बायांबरोबर पात धरायची. दुपारी त्या भाकरी खायला बसल्या की मचाणावर चढून पुस्तक उघडायचं. बोंडाच्या टरफलांनी बोटं फाटलेली, पानं उलटताना रक्ताचे ठिपके पडायचे. आम्ल, अल्कली, क्षार, सगळं एकटीनं वाचायचं, अर्धं कळायचं नाही. मग तेच पान परत. त्या दिवसांत मला भीती वाटत होती, हे सांगितलं पाहिजे. सही मिळणार नाही ही भीती होतीच. दुसरी भीती अशी की सही मिळाली आणि मला हे जमलंच नाही तर? रोज दुपारी एकदा वाटायचं, सोडून द्यावं. दिग्रसचं घर चांगलं होतं. मुलगा वाईट नव्हता, माझ्याशी दोन वाक्यं बोलला होता, तीही नम्रपणे. पण मग मी पान उलटायची. जिद्द म्हणजे काही सतत पेटलेली गोष्ट नसते. एवढं एक पान वाचू, उद्याचं उद्या, अशी ती रोज थोडी थोडी रेटावी लागते.

माय माझ्याशी बोलत नव्हती, पण संध्याकाळी माझी बोटं हातात घेऊन त्यांना तेल लावायची.

कॉलेज उघडण्याच्या सकाळी मी पिशवी घेऊन निघाले. कुठल्या वर्गासाठी निघाले, मलाच ठाऊक नव्हतं. नेरच्या मोटार स्टँडवर आले तर बाबा आधीच उभे. धुतलेलं धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा. यवतमाळपर्यंत आम्ही शेजारी बसून गेलो आणि त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "खिडकी लाव, धूळ येते."

प्राचार्यांनी बाबांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. प्राचार्यांनी कागद पुढे सरकवला, मग त्यावर हात ठेवून म्हणाले, "एक विचारतो. हिचं लग्न ठरलंय म्हणे. ती मंडळी मध्येच घेऊन गेली तर एक जागा वाया जाईल. त्यांची काही हरकत नाही ना?"

"आता त्याइचा काही संबंध नाही, साहेब," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते प्राचार्यांकडेच पाहत होते.

"मंगळवारी मी दिग्रसले गेलतो. घरी सांगतलं, दारव्ह्याच्या बाजाराले जातो. त्याइले म्हनलं, पोरगी येक वर्स मागं जाऊन राह्यली, थांबता काय? ते म्हनले, नाही थांबत. मंग म्या म्हनलं, राहू द्या. चार लोकांत बोलले ते मले, लय बोलले. मी आयकून घेतलं अन आलो." त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "सही कुठं करू ते दाखवा."

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सही करायला त्यांना वेळ लागे. प्रत्येक अक्षर लिहून झालं की ते टाक उचलत आणि पुढचं अक्षर मनात जुळवत. प्राचार्य खिडकीबाहेर पाहत थांबले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाबा, मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू माह्यासाठी त्या जुन्या वर्गात जाऊन बसली असती," ते म्हणाले. "मले ठाव हाये तू कशी." मग जरा थांबून, "तुह्या मायले मी सांगतो. तू तिले पत्र टाकजो."

घंटा झाली. बाबा म्हणाले, "जाय. पह्यल्याच दिवशी उशीर नको," आणि फेटा सारखा करत फाटकाकडे चालू लागले. दिग्रसच्या ओट्यावर चार माणसांसमोर उभे असतील तेव्हा त्यांनी तो फेटा असाच सारखा केला असेल, असं माझ्या मनात आलं, आणि माझे डोळे भरले. रडायला मात्र वेळ नव्हता.

मी वर्गात शिरले. सगळी मुलं माझ्याहून लहान, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. सरांनी हजेरी घेतली, शेवटी माझं नाव शाईनं नवीन लिहून घेतलं आणि ते वाचलं. मी उठून उभी राहिले आणि "हजर, सर!" म्हणाले, इतक्या मोठ्यानं की पुढची दोन मुलं दचकली. सर हसून म्हणाले, "अहो, मी इथेच आहे." त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडले नव्हते. बाबा तोवर फाटकापर्यंतच पोचले असतील, असा माझा अंदाज होता.